द्रौपदाकाकूंचा ळ

प्रिय रुपेश,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्याबद्दल तक्रार नाही. महिन्याभरावर लग्न आलेल्या माणसानं जुनं प्रकरण मिटवायलाच हवं. म्हणून कागद घेतला, आणि सकाळपासून फाडतेच आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाच. विषय तुझ्या आईच्या जिभेचा आहे.

माझ्या अभ्यासाला तू हसायचास. एखादा उच्चार करताना जीभ टाळूला नेमकी कुठं लागते, ते बघायचं. टाळूला तेलात कालवलेली कोळशाची पूड लावायची, एक शब्द म्हणायला सांगायचा आणि जिभेवर काळा डाग कुठं उमटला त्याचा फोटो काढायचा. यंदा ळ घेतलाय, म्हणून आहुपे, तळेघर अशा डोंगरातल्या गावांत पायी भटकते आहे. तुमच्या घरी मी जाणारच नव्हते. पण शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून परतणाऱ्या द्रौपदाकाकूंनी वाटेतच गाठलं, घरी नेलं आणि जुनं काही न काढता चहा दिला. कोळसा बघून म्हणाल्या, "मिसरी लावून लावून जलम गेला, आता ह्यो बी लाव." मी त्यांना 'आळं' म्हणायला लावलं.

ळ म्हणताना जिभेचं टोक मागं वळतं आणि त्याची खालची बाजू टाळूला लागते. बाकी सगळ्या बायकांचा डाग तसाच उमटला होता, काकूंचा नाही. त्यांची जीभ वळतच नव्हती, ळ कानाला लसारखा लागत होता. मी खूश! या डोंगरात ळ बदलतोय म्हणून लगेच माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला, त्यांनीही शाबासकी दिली. मग लॅपटॉपवर फोटो मोठा करून पाहिला. जिभेखाली कडेला पांढरट चट्टा आहे, मधोमध लाल जखम. काकू बोलताना ती जागा वाचवत होत्या आणि मी त्याला बोलीभाषा म्हणत होते. माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी परत गेले. जखम दिवाळीपासूनची आहे. तिखट कधीच सुटलंय, ताकात भात कालवून गिळतात आणि तुला फोनवर झकास जेवले म्हणून सांगतात. दवाखान्याचं नाव काढलं तर माझा हात धरून म्हणाल्या, "उष्णता हाय, दुसरं काय न्हाई. लगीन हुईस्तोवर त्याला सांगू नको. पोरीकडची मान्सं बिचकतील. माझी आण हाय तुला." मी मान हलवून बसले.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. जुन्नरला दातांच्या एका डॉक्टरांना फोटो दाखवला, तर ते म्हणाले, तुकडा काढून लगेच तपासायला पाठवा. साधा फोड निघाला तर मला हवं ते बोल, मी आनंदानं ऐकेन. पण लग्नापर्यंत थांबायचं नाही.

लोक काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. जुनी मैत्रीण लग्न मोडायला निघाली, असं तुझे मामा म्हणतील, कदाचित तूही म्हणशील. म्हण. काकूंना दिलेला शब्द मी मोडते आहे, तो फक्त त्यांच्यासाठी. हळदीच्या आधी त्यांना पुण्याला ने. माझ्या सांगण्यावरून त्या उंबऱ्याबाहेर पडणार नाहीत, तेव्हा माझं नाव काढू नकोस. आई, फोनवर तुझं बोलणं वेगळं लागलं म्हणून आलो, एवढंच सांग. ते मुलाच्या लक्षात आलं असं वाटलं, तर त्या आढेवेढे न घेता तुझ्या गाडीत बसतील.

एके काळी तुझीच,
प्रज्ञा