कॅसेटमधला खोकला

हडर्सफील्ड,
मार्च १९८७

प्रिय ग्रॅहम,

सोबतची कॅसेट लावण्याआधी हे पत्र वाच, नाहीतर तुझ्या बहिणीचं डोकं फिरलं असं वाटेल तुला. रविवारी रेडिओवरची लोकप्रिय गाणी तुझ्यासाठी भरताना मी किती जपते! निवेदकाने तोंड उघडायच्या आत माझं बोट बटणावर असतं. हे तूच शिकवलंस. अक्षरंही शाळेआधी तुझ्याचकडून शिकले, रेकॉर्डच्या पाकिटांवरची.

या रविवारी मात्र वृद्धाश्रमात ऐनवेळी मला कामाची पाळी लागली. तू लंडनच्या हॉस्पिटलात, त्या वॉर्डात टपालाची वाट बघत असशील, या विचाराने माझं कामात लक्ष नव्हतं. घरी आले तर साखरेच्या भांड्याजवळ भरलेली कॅसेट! बाबांनी भरली होती. नव्या रेडिओची बटणं त्यांना जमेनात, म्हणून माळ्यावरून आपला जुना टेपरेकॉर्डर काढून त्यांनी रेडिओसमोर ठेवला. आपण लहानपणी करायचो, तसाच.

आठवतं ना? पाच वाजले की स्वयंपाकघरात कुणी हूं की चूं करायचं नाही. आई पावाला लोणीसुद्धा दबकत लावायची आणि बाबा मुद्दाम कपावर चमचा वाजवायचे, खोकायचे. तू किंचाळायचास, "बाबा! सगळं वाया घालवलंत!" आणि ते म्हणायचे, "त्या झिपऱ्यापेक्षा माझा खोकला सुरात आहे."

मग तो दोन वर्षांपूर्वीचा नाताळ. जेवणाच्या टेबलावर तू कॉलिनबद्दल सांगितलंस, तो तुझा नुसता मित्र नाही म्हणून, आणि तू स्टेशनवर गेल्यावर बाबा म्हणाले, "या घरात त्याचं नाव काढायचं नाही." कॉलिनचं नव्हे, तुझं. तू आजारी पडल्यावरही ते मला एवढंच विचारायचे, "लंडनचं काय?" जसं काही तिथल्या हवेबद्दल विचारताहेत.

जानेवारीत त्या आजाराचं, एड्सचं सरकारी पत्रक घरोघरी आलं. आईने ते घड्याळामागे खोचलं. रोज रात्री ते थोडं सरकलेलं असायचं. कोण वाचतं, हे कुणीच बोललं नाही. मग एकदा शेजारच्या मिसेस थॅकरे चहाला आल्या आणि आईला कुजबुजत म्हणाल्या, "अगं, पोराचा कप टाकून दिलास ना?" राणीच्या जुबिलीला गल्लीतल्या सगळ्या पोरांना मिळालेला, तो तुझा कप. बाबा पेपरमागून म्हणाले, "हा काय माझ्या हातात. रोज यातूनच पितो. तुम्हालाही ओतू का?" बाई बिस्किटाला हात न लावता गेल्या. आई आधी घाबरली, मग इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

आता कॅसेटबद्दल. निवेदक यात सारखा बडबडतो, त्याला इलाज नाही. तिसऱ्या गाण्यात आईचा आवाज येतो, "पावात सामन मासा घालू की अंडं?" आणि लगेच बाबा, दबक्या आवाजात, "हळू बोल गं! ग्रॅहमसाठी चाललंय."

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दोन वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. पण ते चोरून ऐकल्यासारखं वाटलं, न विचारता तुला पाठवणं बरं दिसेना. म्हणून सांगितलं, "बाबा, तुमचा आवाज आलाय यात." ते म्हणाले, "यंत्र जुनं आहे." मग कपात चमचा फिरवत, "पुसू नकोस."

शनिवारी सकाळच्या बसने मी येतेय, हे तुला माहीत आहेच. काल बाबांनी विचारलं, त्या बसमध्ये आणखी एक जागा मिळेल का. मी म्हटलं, आधी ग्रॅहमला विचारेन. हो म्हणायचं की नाही, ते त्याने ठरवायचं. ते म्हणाले, "बरोबर आहे. नको म्हणाला तर मी खाली बाकावर बसेन. तू वर जा." हे विचारायलाच मी लिहायला बसले. कॉलिनला शुक्रवारपर्यंत फोन करायला सांग. नको म्हणालास तरी माझ्या मनात काही येणार नाही, खरंच. आणि हो म्हणालास, तर बाबा आल्या आल्या काही बोलतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. ते दाराबाहेर उभे राहून खोकतील. या वेळी त्यांना गप्प करू नकोस. आत बोलाव.

तुझ्याच तालमीतली, तुझीच,
वेंडी