नको नको म्हणता आलेला हीटर

तीर्थस्वरूप बोर्गहिल्डताईस,

धाकट्या नॉरिसचा नमस्कार. वाकून करणार होतो, पण कमरेने परवानगी दिली नाही, तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं ब्लडप्रेशर? ॲरिझोनात तुम्ही म्हणे अंगणात बसून संत्री सोलता. सोला बापडे. इकडे मिनेसोटात काल नाकातले केस गोठले, म्हणजे हवा तशी बरी आहे.

तर ताई, पत्राचं कारण आनंदाचं आहे. माझ्या वर्कशॉपला छताला टांगायचा हीटर मिळाला! तू म्हणशील, सत्तरी ओलांडलेला माणूस हीटरसाठी पानं भरतोय, याचं डोकं फिरलं. फिरलंच आहे थोडं, पण ऐक तर खरी.

जुना हीटर (मी आणि भाऊजींनी टांगलेला तोच, एका बाजूने कललेला, कुणाची बाजू कलली ते मी काढत नाही) थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात खोकला, खोकला आणि गेला. गारठ्यात लाकडाचा गोंद धरत नाही, लेफ्साची, म्हणजे आपल्या बटाट्याच्या पोळ्यांची, लाटणी अर्धवट पडली, ते सगळं सोड. खरी पंचाईत वेगळीच होती. माझी आर्डेल देवाघरी गेल्यापासून माझ्याकडे माणसांचा म्हणून जो आवाज होतो तो त्या वर्कशॉपमध्ये. रोज सकाळी व्हर्लिन आणि डेल्मर यायचे, आम्ही अंडं घालून उकळलेली कॉफी प्यायचो आणि कुणाच्या ट्रॅक्टरला काय झालं ते बोलायचो. हीटर गेला तसे दोघं पेट्रोल पंपावर जाऊन बसायला लागले. तूही ये म्हणाले, मी म्हटलं बघू. (बघू म्हणजे काय हे तुला सांगायला नको.) मग मी आपला स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर ऐकत बसलो. फार वाईट गेले ते दिवस, ताई. हिवाळा अख्खा पुढे पडला होता आणि तो असाच काढावा लागतोय की काय, या विचाराने मला जेवण जाईना.

म्हणून हीटर निवडायला बसलो. व्हर्लिनचं मत गॅसचा घ्यावा, डेल्मरचं मत विजेचा. पण आपल्याकडची माणसं, एकमेकांना खोडून काढतील तर शपथ. व्हर्लिन म्हणाला गॅसचा बरा, पण विजेचाही वाईट नाही. डेल्मर म्हणाला विजेचा बरा, पण गॅसच्या वाटेला मी जाणार नाही असं नाही. दोघांच्या सौजन्यात पंधरवडा गेला. शेवटी विजेचा आणला. तो चालू केला की करवत बंद, करवत चालू केली की कॉफीचं भांडं गार, आणि तिन्ही एकदम लावले की घर अंधारात. दुकानदाराने तो परत घेतला आणि एक लांबलचक लाल नळी वापरून बघायला दिली. म्हणाला, ही हवा तापवत नाही, थेट माणूस तापवते. खरं होतं ते. डेल्मरची उंची तुला ठाऊक आहे आणि माझं छत बुटकं. तो नळीखाली कॉफी घेऊन बसला, थोड्या वेळाने त्याच्या कानटोपीला केस जळल्यासारखा वास यायला लागला. मी विचारलं, काय रे, बरं वाटतंय ना? तर म्हणतो, छान ऊब आहे. टोपीतून धूर निघाला तरी गडी उठेना, यजमानाला वाईट वाटेल म्हणून. शेवटी व्हर्लिनने त्याच्या डोक्यावर उरलेली कॉफी ओतली, आणि डेल्मरने आभार मानले. नळीही परत गेली.

आता कॉन्चेटाबाई. शेजारच्या घरात उन्हाळ्यात राहायला आल्या, न्यू जर्सीच्या, विधवा, आवाज खणखणीत. आधीच्या मालकाने त्यांच्या गराजमध्ये गॅसचा हीटर टांगून ठेवला होता, जवळजवळ कोरा. बाईंना तिथे चिनी मातीची भांडी करायची भट्टी बसवायची होती. त्यांनी कुंपणावरून मला सरळ विचारलं, हीटर हवाय का, फुकट घेऊन जा. ताई, कधी एकदा तो उचलून आणतो असं मला झालं. मी अर्थातच म्हटलं, छे छे, कशाला. आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत उभा राहिलो, कारण तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं, ही आईची शिकवण. बाई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं तरी मी बर्फात उभाच.

मग त्यांनी व्हर्लिनला विचारलं, तो म्हणाला छे छे. डेल्मर म्हणाला, नको हो, उगाच. (दोघांनाही तो माझ्यासाठीच हवा होता, हे मागाहून कळलं.) तीन शहाण्यासुरत्या माणसांनी फुकट नाकारलेला हीटर म्हणजे बिघडलेलाच असणार, असं समजून बाईंनी तो भंगारवाल्यासाठी रस्त्याच्या कडेला काढून ठेवला. बर्फ पडत होता आणि मी खिडकीत. व्हर्लिनची गाडी उगाचच सावकाश हीटरच्या समोरून जात होती, पुन्हा येत होती. डेल्मर समोरच्या अंगणात आधीच साफ केलेली वाट पुन्हा साफ करत होता. पण पुढे कोण होणार? हावरटपणा दिसला असता. तेवढ्यात भंगाराचा ट्रक वळणावर आला, आणि ताई, मला समोर अख्खा हिवाळा दिसला, त्या फ्रिजसकट. मी सपाता घालून पळालो आणि हीटरला मिठी मारली.

बाई दारात आल्या. म्हणाल्या, "अहो, हवा होता तर त्या दिवशी बोलायला काय झालं होतं? तुमच्या गावात तोंडंही गोठतात का?"

मी म्हटलं, "हवाय. मला हवाय."

आयुष्यात पहिल्यांदा असं सरळ बोललो. कान लाल झाले, पण काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! सोमवारी गॅसवाल्याने जोडून दिला. वर्कशॉप असं तापलंय की व्हर्लिन आणि डेल्मर चक्क कोट काढून बसतात आणि दुपारपर्यंत हलत नाहीत. मी आता पूर्ण बदललो आहे. जे हवं ते हवं म्हणायचं, लाजायचं नाही, असं मी दोघांनाही शिकवतो आहे.

भाऊजींना नमस्कार, तब्येतीला जप.

तुझा,
नॉरिस

ता.क. हीटर टांगताना शिडी कॉन्चेटाबाईंनी धरली होती. काम झाल्यावर म्हणाल्या, रविवारी जेवायला या, खिम्याचे गोळे करते टोमॅटोच्या रश्शात. मी म्हटलं, छे छे, उगाच तुम्हाला त्रास. त्या "बरं" म्हणून निघून गेल्या. ताई, माझी झोप उडाली आहे. तू त्यांना फोन कर आणि सांग की आमच्या नॉरिसच्या नाहीचा अर्थ नाही असा नसतो. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

ता.क. दुसरा. फोनवर माझ्या लहानपणचं काही सांगू नकोस. तू मोठी आहेस, म्हणजे सांगशीलच.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, आज शुक्रवार. हे तुला मिळेस्तोवर रविवार होऊन गेलेला असेल. फोन राहू दे. मी टोपी घालतोय, पलीकडे जाऊन सांगूनच येतो. हीटर चालू ठेवून जातोय. जळला गॅस तर जळू दे.