काकांच्या जुन्या गाडीमागे ट्रेलर
शनिवार, संध्याकाळ. वॉटफर्ड, लंडनजवळ.

आज देशपांडेकाकांशी खोटं बोललो. त्यांची गाडी पन्नास वर्षांची, रविवारी शेजारच्या पिनर गावात एक फेरी मारणारी. तिच्यामागे मी मंडळाच्या गणपतीचं अख्खं स्टेज भरलेला ट्रेलर जोडला.

"वजन बघितलंस ना रे? ही ओढेल?" काकांनी विचारलं.

"बघितलं काका, चिल."

बघितलं कुठे होतं! नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघालो. काका शेजारी बसले.

उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलायला लागला. त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, हे तेव्हा कळलं. मी ब्रेक पार खाली दाबला तरी थांबेना. झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई, बाळाची प्रॅम घेऊन. पिवळा कोट होता तिचा, हे का आठवतंय? काकांनी हँडब्रेक ओढला. प्रॅमपासून हातभर अंतरावर थांबलो. हातभरच.

मंडळाच्या हॉलवर काका सगळ्यांना सांगत होते, "पोराची चूक नाही. माझेच ब्रेक जुने झालेत. आता विकून टाकतो तिला." त्यांनी पहिल्या पगारावर घेतलेली गाडी. आत्ता तरी बोल, म्हटलं स्वतःला.

जोशीकाकू म्हणाल्या, "बाप्पाने वाचवलं रे तुम्हाला!"

मी "हो ना" म्हणालो आणि पोहे खाल्ले. दोनदा घेऊन.