लसणाचा आळ

गिरगाव,
१८ ऑगस्ट २०२५

चि. नूपुर हिस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमच्या चाळीत फोनवरचं बोलणं तिसऱ्या माळ्यापर्यंत ऐकू जातं आणि ही गोष्ट तशी नाही.

मागच्या वर्षी काकांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी चातुर्मासात लसूण सोडायचं बोलले होते, तुला ठाऊक आहे. यंदा माझ्या सोबतीला काकांनीही सोडला. लसणाच्या चटणीवाचून ज्यांचा घास उतरत नाही, त्यांनी. मला फार बरं वाटलं होतं.

पण हल्ली माझ्याच तोंडाला लसणाचा वास येतो. भजनात शेजारची वैशाली नाकाला पदर लावून सरकून बसली. काकांनी एकदाच विचारलं. मी खात नाही म्हटलं, तेव्हापासून ते मुकाट्याने जेवून उठतात. त्यांना वाटतं, मी चोरून खाते. एवढा संसार करून लसणाच्या पाकळीपायी खोटी ठरले, याचं रडू येतं गं.

बाकी ठीक. केस मात्र खूप गळतात, नखं तुटतात. केसांसाठी म्हणून तुझ्या भावाने, नीलने, मे महिन्यात परदेशातून ब्राझील नट आणले होते. रोज एक खा म्हणाला. पण एकटा दाणा मी कधी कुणाच्या हातावर ठेवला नाही, तर स्वतःच्या कसा ठेवू? बदामासारखे सात-आठ भिजत घालायचे, गळती वाढल्यावर दहा केले. डबा केव्हाच संपला. आता काकाच बाजारातून आणून देतात, अबोल्यातसुद्धा.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.
तुझी,
आनंदीमावशी

अँटॉप हिल,
२१ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस नूपुरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले. तू चोर नाहीस. आजपासून ते दाणे बंद, एकसुद्धा नाही.

त्यांत सेलेनियम नावाचं खनिज असतं. शरीराला ते लागतं, पण अगदी कणभर. मोठ्या माणसाने दिवसाला चारशे मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानतात आणि एकेका दाण्यात पन्नास ते नव्वदसुद्धा असू शकतं. दहाचा हिशेब तूच कर. जादा झालेलं शरीर श्वासावाटे बाहेर टाकतं, त्याचा वास थेट लसणाचा. केस आणि नखंही त्यानेच जातात. म्हणजे ज्याने केस गळत होते, तेच तू केसांसाठी वाढवत नेलंस. भाची आहारतज्ज्ञ असून तिला विचारलं नाहीस, त्याबद्दल नंतर भांडेन.

सोमवारी परळला माझ्या इस्पितळात ये, रक्त तपासून घेऊ. असंच चालू राहिलं तर नसांना त्रास होतो, म्हणून टाळू नकोस. आणि हे पत्र काकांना वाचायला दे. नाहीतर मीच गॅलरीत उभी राहून मोठ्याने वाचेन.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
नूपुर

गिरगाव,
१२ सप्टेंबर २०२५

चि. नूपुर हिस अनेक आशीर्वाद.

मावशीच्या आज्ञेवरून हे पत्र मी लिहितो आहे. रक्तात सेलेनियम जास्तच निघालं, हे तू जाणतेसच. नसा ठीक आहेत. केस येतील, पण धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. तुझं पत्र तिने भजनी मंडळात वाचून दाखवलं. वैशाली पुन्हा तिच्या शेजारी बसू लागली आहे.

मी माफी मागितली. ती म्हणाली, गणपतीत सगळ्यांसमोर मागा. तशीही मागितली. माझ्या जिवासाठी तिने लसूण सोडला आणि मी तिच्यावरच संशय घेतला, याचं फार वाईट वाटतं. त्यात ते दाणे आणून देणारा मीच.

एक खाजगी सांगतो. वास अजून पुरता गेलेला नाही. ती बोलू लागली की मी खुर्ची तिच्याजवळ ओढतो. तिला वाटतं, मी अबोल्याची भरपाई करतो आहे. तेही खरंच आहे. पण कार्तिकीपर्यंत माझ्या वाट्याला एवढाच लसूण आहे, हे तिला कळू देऊ नकोस.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
तुझा,
चिंतामणीकाका