नेड्राच्या माळ्यावरची रायफल

१९ नोव्हेंबर, शनिवार

आणली एकदाची! नेड्राच्या माळ्यावरून, तिच्या नवऱ्याची, रॉइसची. अक्रोडी दस्त्याची, माझ्या बापाच्या वयाची. नेड्रा हातही लावेना. "घेऊन जा, वर्लिन. नको मला ती घरात."

घरी ट्वायलाने डोकं खाल्लं. "रॉइसने ज्या बंदुकीने जीव दिला तीच आणलीस? बायको आहे मी, मला विचारावंसं नाही वाटलं?" म्हटलं, बंदुकीचा काय दोष! म्हटलं खरं, पण रायफल गॅरेजमध्येच ठेवली.

२० नोव्हेंबर

दस्ता कोणीतरी कापून आखूड केलाय. रॉइसने नव्हे – तो चांगला सहा फुटी! त्याने ती घेतली मरण्याच्या महिनाभर आधी, तीही जुनीच. त्याच्या आधीच्या कुणा दीडशहाण्याने आणखी काय करून ठेवलंय? उघडून बघतो.

२१ नोव्हेंबर

चापाची आतली खाच कानशीने घासलीय! चाप हलका लागावा म्हणून. गाढव!

रायफल रिकामी आहे हे दोनदा बघितलं. घोडा चढवून सेफ्टीची कळ लावली. गॅरेजच्या फरशीवर दस्ता जरासा आपटला – खट्! चापाला बोट नाही, सेफ्टी लावलेली, तरी घोडा पडला! पुन्हा घोडा चढवून आपटला. पुन्हा तेच. आत गोळी असती तर उडालीच असती.

तिथेच डब्यावर बसलो.

२२ नोव्हेंबर

चैन नाही. रॉइस मचाणाच्या शिडीखाली सापडला होता. गोळी हनुवटीखालून. सगळं गाव म्हणालं, "रॉइस चुकणारा माणूस नाही." पोरांना शिकारीचे नियम तोच शिकवायचा – शिडीला हात लावण्याआधी बंदूक रिकामी! तो चुकत नाही, म्हणजे मुद्दामच केलं. झालं! त्या सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालेलं, मग काय, नेड्राकडेच बोटं. अजून चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसत नाही.

आणि तो गोळ्या काढायलाच थांबला असेल. सेफ्टी लावून दस्ता गोठलेल्या जमिनीवर टेकवला असेल. नियमाप्रमाणे!

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की बेचव लागली. ट्वायला म्हणाली, "नऊ वर्षांनी खपली काढतोस? सावरलीय बिचारी."

"सावरलीय? नऊ वर्षं माळ्यावर पाय ठेवला नाही तिने!"

बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, "जा. पण जपून बोल."

२५ नोव्हेंबर

गेलो. तिच्या फाटकातून परत फिरलो. भित्रा कुठला!

सोमवारी शिकारीचा हंगाम सुरू होतोय. सगळे बुटांना तेल लावतायत. मी एकही काडतूस बाहेर काढलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

सांगितलं. रिकामी रायफल तिच्या स्वयंपाकघरात आपटून दाखवली. तिने मला पुन्हा घोडा चढवायला लावला, माझ्या हातातून घेतली, स्वतः आपटली. खट्!

रडली नाही. रायफल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला टाकून गेला म्हणून इतकी वर्षं चिडून होते. म्हणून रडले नाही कधी. आता तू जा, वर्लिन."