मंडळ बघायला आलं तेव्हा कुरण काळं होतं

तीर्थस्वरूप आर्डिसताईस,

हार्लनचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे पुन्हा वाकू लागले हे वाचून बरं वाटलं. ड्वेनदाजींची साखर, कुत्र्याचा कान आणि तुमचं चाकांवरचं घर या तिघांचीही प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आयोवात मी मजेत आहे. भुवया तेवढ्या गेल्या. (परत येतात म्हणे.)

भुवयांचं कारण आपलं कुरण. नांगर कधीच न लागलेले ते तीन एकर बाबांनी काउंटीला दिले आणि काउंटीने एकोणीस वर्षांपूर्वी मला तिथला राखणदार केलं. दर वसंतात ते जाळावं लागतं हे तुला काय सांगायचं? ओल्या गोणपाटाने कडेची आग झोडपायला लहानपणी तूच माझ्यापुढे असायचीस. न जाळलं तर झुडपं माजतात आणि गवत मरतं. पण जाळायला वारा अगदी हवा तसाच लागतो, आणि यंदा तो पाच आठवडे रुसून बसला होता. शेवटी सोमवारी प्रसन्न झाला. म्हटलं, आज नाही तर या वर्षी नाही. पेटवलं. इतकं सुरेख जळलं, ताई, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं धुरानेही). जाता जाता सार्वजनिक संडासही जळला, पण तो तसाही कलला होता.

मंगळवारी काउंटीचं मंडळ कुरण बघायला येणार होतं. मीच बोलावलं होतं. तिथे सुट्टीत येणाऱ्या चाकांवरच्या घरांसाठी सिमेंटचे ओटे आणि विजेचे खांब करायचं चाललंय. म्हटलं, ठरवण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा तरी. मग आदल्या दिवशी पेटवताना हे आठवलं कसं नाही, असं तू विचारशील. आठवलं होतं. मला वाटलं, काळी जमीन बघून ते खूश होतील. मला ती एकोणीस वर्षं देखणी वाटत आलीय. माणसाची नजर बिघडते ती अशी.

सात जण राखेच्या कडेला उभे राहिले. अध्यक्ष मर्लिसबाई तर पांढरे बूट घालून आल्या होत्या. आपल्याकडच्या माणसांना फार वाईट वाटलं की ती हवेबद्दल बोलतात, तशी सगळी वाऱ्याबद्दल बोलली. मग बाईंनी हळूच विचारलं, "हार्लन, जपलेलं म्हणतोस ते हेच का?" हो म्हटलं. "मग न जपलेलं कसं दिसतं रे?" मी मुळांबद्दल सांगायला लागलो, ती दोन पुरुष खोल जातात वगैरे. "मुळं बघायला सुट्टीत कोण येणार आहे बाबा," म्हणत त्यांनी मी करून नेलेली रुबार्बची आंबटगोड वडी उचलली आणि छान झालीय म्हणाल्या. तिथेच मी समजलो. आपल्याकडे नकार द्यायच्या आधी खाण्याचं कौतुक करतात.

मतदान मेच्या तीस तारखेला आहे. नोकरीचं काही नाही, उद्या विजेचे खांब राखीन. पण बाबांनी जाताना एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि मी तिला स्वतःच्या हाताने काडी लावली. रोज तिथे जाऊन उभा राहतो. करायला काहीच नसतं. फार एकटं वाटतं, ताई.

दाजींना नमस्कार, कुत्र्याला लाड.

तुझा धाकटा,
हार्लन

ता. क. ओट्यांसाठी मंडळाकडे जो अर्ज गेलाय त्यावर एकतीस सह्या आहेत. चौदावी तुझी, पंधरावी दाजींची. "माहेरी आलं की गाडी लावायला जागा नसते," असं कारण तू लिहिलंयस. खरंच आहे ते. मी रागावलेलो नाही (मंगळवारी होतो). गाडी माझ्या अंगणात लाव, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून देतो. पण तीस तारखेच्या आत ये आणि सही मागे घे.

पुन्हा ता. क. आज सकाळी राखेतून बाबांची ती जांभळी, केसाळ देठाची फुलं वर आली. अकरा आहेत. मर्लिसबाईंना अजून कळवलेलं नाही. ती आठवडाभरच टिकतात, तोवर तू पोचणार नाहीस, म्हणून एक तोडून पाकिटात घातलंय. तिथलं फूल तोडायला सक्त मनाई आहे. तशी पाटी मीच लावली होती. ती सोमवारी जळली. नवी करू की नको, तेवढं कळव.