आमचा आंबा आणि जपानची रेघ

कडेगाव, १९७४
बुधवार, संध्याकाळ

एम.ए.च्या प्रबंधासाठी आज जपान आणि ब्रिटनच्या पाइनसारख्या मऊ लाकडाच्या आयातीचा आलेख काढला. ब्रिटनची रेघ वर्षानुवर्षं जवळजवळ आडवी. जपानची मात्र चढतच गेली. मी हादरले. कालच आबांना म्हटलं होतं, जपानी लोक आपले डोंगर झाडांनी झाकून ठेवतात, मग नव्या घराच्या चौकटींसाठी आपण बांधावरचा आंबा का तोडायचा? पण त्यांना लाकूड पुरतं कुठून, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आत्ता आबा हसत आले. "तुजं ऐकलं बग. आंबा न्हाई तोडत. सांगलीच्या वखारीतनं लाकूड आनतो."

ते कुणाच्या बांधावरचं? ओठांवर आलं होतं. पण मी "बरं" म्हणाले.

रेघ अजून समोरच आहे. आमचा आंबा वाचला. अगदी जपानच्या डोंगरांसारखा.